लेकीच्या गावचं पाणी

त्र्याण्णव साली मी बावन्न वर्षांची होते आणि दिवसातून एकदाच कुणाशी तरी बोलत होते, तेही दूधवाल्याशी. "एक लिटर?" तो विचारायचा. "अर्धा," मी म्हणायचे. एवढंच बोलणं.

श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आमची सारी वर्षं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीनंतर राहायला म्हणून त्यांनी गुडगावला एक फ्लॅट बुक केला होता. निवृत्तीला चार महिने राहिले असताना ते गेले. क्वार्टर सोडावं लागलं आणि मी त्या नव्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायला आले. चार मजली इमारत, आठ घरं, त्यातली तीनच लागलेली. खिडकीतून एका बाजूला सिमेंटची पोती दिसायची आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. फोनसाठी नंबर लावला होता. मुलगा, चैतन्य, पुण्याहून पत्रं लिहायचा, की आई, इकडे ये. मी लिहायचे, येते. गेले नाही. श्रीरंगांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या फरश्या होत्या त्या घरात.

आर. के. पुरमला आमच्या वरच्या मजल्यावर पद्माकर नावाचे डॉक्टर राहायचे. औषधं देणारे नव्हेत, आहारशास्त्रातले. ते एक दिवस बसने मुद्दाम आले.

"वहिनी, तुम्ही होम सायन्स केलंय ना?"

"एकोणीसशे एकसष्टला. आता त्यातलं वरणभात तेवढं आठवतं."

"तेवढंच लागतं," ते म्हणाले.

त्यांच्या संस्थेचा एक अभ्यास सुरू होत होता. गुडगावच्या आसपासच्या गावांत ज्यांच्या दारात म्हैस किंवा शेळी आहे, त्या घरातल्या लहान मुलांच्या पोटात त्यातलं काय जातं, हे बघायचं. दारात म्हैस म्हणजे मुलाला दूध, असं सगळे धरून चालतात. तसं खरंच असतं का? मला चार गावं मिळाली. दुसरी चार राजीव नावाच्या एका तरुण मुलाला.

काम साधं होतं. माझ्या पिशवीत तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या, दोन चमचे, एक टांगता काटा आणि फॉर्म. काट्याला कापडाची चड्डीसारखी झोळी, त्यात मुलाला बसवायचं आणि आढ्याच्या कडीला टांगून वजन घ्यायचं. मग आईला विचारायचं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाने काय काय खाल्लं? वाट्या पुढे ठेवायच्या, ही भरून की ती? दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी जायचं आणि पुन्हा "काल" विचारायचा. असे लागोपाठ दोन दिवस, दर तीन महिन्यांनी.

तिसऱ्या गावात तलावाच्या काठी एक घर होतं. त्या भागात तलावाला जोहड म्हणतात. काठावर वाकडा दुफाट्याचा कडुनिंब. घरात सासू, सासरे, मुलगा, आणि सून भतेरी. भतेरी म्हणजे पुष्कळ झालं, पुरे. चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या आजीने ठेवलेलं नाव. तिची स्वतःची मुलगी पावणेदोन वर्षांची होती. "इसका नाम मैंने रखा," भतेरी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "किसी को रखने ही नहीं दिया." मुलीचं नाव किरण होतं.

भतेरी पहिल्या दिवशी मला बहनजी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बुआ. बुआ म्हणजे आत्या, माहेरचं माणूस. सासरच्या बायकांसमोर ती पदर हनुवटीपर्यंत ओढायची, माझ्यासमोर मागे टाकायची. "बुआ से क्या परदा." बाविसेक वर्षांची असेल. एक दात किडलेला आणि हसणं मोठं.

आणि चहा. अंगणाच्या कोपऱ्यात हारा होता, म्हणजे गोवऱ्यांच्या मंद धगीवर दिवसभर दूध तापत ठेवायची मातीची चूल. त्यातली लोटी ती खाली उतरवायची. गुलाबी झालेलं दूध, वर बोटभर साय. त्या दुधाचा चहा व्हायचा, पाण्याचा थेंब नाही. पाहुण्याला पाण्याचा चहा देणं म्हणजे हाकलून देणं. दूध वर यायचं, ती फुंकर मारायची, पुन्हा वर यायचं, पुन्हा फुंकर. तेवढ्यात तिच्या बहिणी, नणंदेचं लग्न, म्हशीचे नखरे, सगळं सांगून व्हायचं. मग मोठ्या पितळी पेल्यातून चहा माझ्या हातात. ती समोर उकिडवी बसायची आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत उठायची नाही.

माझ्यासाठी कुणीतरी चहा करतंय आणि मी तो पितेय हे बघत बसलंय, असं श्रीरंग गेल्यापासून झालं नव्हतं. खरं सांगायचं तर ते असतानाही चहा मीच करायचे. त्या दोन दिवसांची मी तीन महिने वाट बघायचे.

किरण मात्र माझी पिशवी दारात दिसली की भोकाड पसरायची. "काट्याला घाबरते," मी म्हणायचे. तिचं वजन शेवटी घेऊ लागले, काटा पदराखाली लपवू लागले. तरी रडायचीच.

पहिल्या फेरीच्या वेळी भतेरीचे वडील आले होते. सायकलवर, मागे गुळाची ढेप बांधून. कडुनिंबाखाली खाट टाकली, त्यावर बसले. नातीला मांडीवर घेतलं. मी पाहिलं, कुणी त्यांना पाणीही विचारलं नाही. तासाभराने ते उठले, सायकलला लटकवलेली बाटली तशीच घेऊन गेले.

"वडिलांना पाणी नाही दिलंस?" मी विचारलं.

"बेटी के गाँव का पानी कैसे पिएँगे?" तिला माझाच प्रश्न विचित्र वाटला. "नीम के नीचे बैठ गए, वही बहुत है."

मला आपल्याकडचं आठवलं. माझे वडीलही चैतन्य होईपर्यंत माझ्या सासरी जेवले नव्हते. पण पाणी प्यायचे. इथे सगळ्या गावाच्या शिवेतलं पाणी वर्ज्य.

दुसऱ्या फेरीनंतर पद्माकरांनी मला संस्थेत बोलावलं. टेबलावर माझे आणि राजीवचे फॉर्म होते. बराच वेळ ते चष्मा पुसत बसले.

"वहिनी, राग मानू नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच जाता ना?"

"म्हणजे?"

"राजीवच्या गावांत पहिल्या दिवसाचं आणि दुसऱ्या दिवसाचं दूध सारखं येतं. थोडं इकडे तिकडे. तुमच्या गावांत दुसऱ्या दिवशी दर वेळी कमी. जवळजवळ प्रत्येक घरात. असं कसं होईल? घरी बसून भरलेल्या फॉर्ममध्ये असं होतं."

माझे कान तापले. आयुष्यात माझ्यावर कुणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता. "बसच्या तिकिटांचे तुकडे दाखवू?" मी म्हणाले आणि उठून आले. जिन्यात राजीव भेटला. चांगला मुलगा, पण पोटाला जपणारा. गावातलं पाणी प्यायचा नाही, चहाला हात लावायचा नाही, स्वतःची बाटली गळ्यात. त्याच्या एका गावात म्हातारीने त्याने नाकारलेला पेला त्याच्यासमोर मातीत ओतला होता आणि म्हणाली होती, आमची जात विचारायला आलास का? तो मला हसत म्हणाला, "आंटी, आपके यहाँ की औरतें आपको कितना मानती हैं! मुझे तो कोई बैठने को भी नहीं कहता."

फेब्रुवारीत तिसरी फेरी सुरू झाली. भतेरीची म्हैस आटत आली होती. सकाळचं सगळं दूध डेअरीच्या गाडीला जायचं. ते सासऱ्यांनी ठरवलेलं, त्यात बदल नाही. संध्याकाळचं थोडं घरात राहायचं. तीच ती हाऱ्यातली लोटी. त्या दिवशीही चहा झाला, गप्पा झाल्या, मी निघाले. बसच्या थांब्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की मधली वाटी विसरले. परत फिरले.

अंगणात भतेरी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मांडीवर किरण. ताटलीत पोळी कुस्करलेली, त्यावर ती मीठ घातलेलं पाणी ओतत होती. किरण ताटली ढकलून हाऱ्याकडे बोट दाखवत होती. तिथे लोटी पालथी घातलेली होती.

"दूध तो बुआ पी गई, लाडो," भतेरी तिला समजावत होती. "कल दूँगी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ऊन उतरलं, दूध बुआ प्यायली, इतक्या सहज. मग किरणने मला पाहिलं आणि ती रडायला लागली.

"वाटी विसरले," मी म्हणाले.

"ये तो रोती ही रहती है," भतेरीने हसून वाटी दिली.

घरी येऊन मी दोन्ही फेऱ्यांच्या फॉर्मच्या प्रती पलंगावर पसरल्या. पहिल्या दिवशी विचारलेला "काल" हा मी नसलेला दिवस होता. दुसऱ्या दिवशी विचारलेला "काल" हा मी आलेला दिवस. ज्या घरी चहा घेतला, त्या घरी दूध खाली आलं होतं. भतेरीकडे दोन्ही वेळा शून्यावर. चार गावं, सेहेचाळीस घरं, आणि प्रत्येक ठिकाणी मी आवडीने शेवटचा घोट घेतलेला. किरण काट्याला घाबरत नव्हती. तिला माझी पिशवी आली की लोटी उतरते हे कळलं होतं.

मी रात्रभर त्याचा विचार केला असं नाही. मी झोपले. सकाळी दूधवाला आला, मी "अर्धा" म्हणाले. तो कुठल्या गावाहून येतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चहा नको म्हणणं शक्य नव्हतं. राजीवचं काय झालं ते मला माहीत होतं. आणि नको म्हटल्यावर भतेरी माझ्यासमोर कशाला बसेल? बसमध्ये मी नाना कारणं जुळवली. उपास, पित्त, डॉक्टरांनी मनाई. कुठलंही चाललं नसतं. पित्त म्हटलं की तिने गार दूध आणलं असतं.

ती नेहमीप्रमाणे हाऱ्याकडे वळली.

"भतेरी, आज चाय नहीं."

तिचा हात थांबला. "क्यों? बर्तन जूठा था कल?"

"नाही गं. तू मुझे क्या बुलाती है?"

"बुआ."

"तो बुआ बेटी के गाँव का पानी पिएगी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडावर दाबून हसायला लागली. "आप तो पाँच बार पी चुकी!"

"तेव्हा तू लाडाने बुआ म्हणत होतीस. आता मी खरं धरलं."

मी मराठीतच बोलून गेले, पण तिला कळलं. हसता हसता तिचे डोळे वेगळे झाले. तेवढ्यात भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला. म्हातारीला सगळं ऐकू यायचं. "बात तो सही सै. बुआ सै तो बुआ सै. इब तो माँगेगी तो भी ना देवां."

झालं. सासूने मोहोर उठवली. संध्याकाळपर्यंत गावातल्या अकरा घरांना कळलं की जोहडवाल्यांच्या सुनेची बुआ आता इथलं पाणी पिणार नाही.

बाकीच्या गावांतही मी एकेक लेक मानली. एका ठिकाणी सुनेला, एका ठिकाणी पाटावर बसून शेळीचं दूध काढणाऱ्या विधवेला. मला चार गावांत चार लेकी झाल्या आणि कुठेच पाणी मिळेना. मेमध्ये जिभेला चामडं यायचं. मीही राजीवसारखी बाटली घेऊन जाऊ लागले, पण ती शिवेबाहेरच्या बाभळीशी जाऊन उघडायची. भतेरीने एकदा छपरावरून पाहिलं आणि सासूला अभिमानाने सांगितलं, "देखा? नाके के बाहर जाके पिया."

पद्माकरांकडे मी सगळे फॉर्म घेऊन गेले. प्रत्येकावर शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, "आदल्या दिवशी अन्वेषकाने या घरी दुधाचा चहा घेतला." त्यांनी दहाबारा फॉर्म उलटले. चष्मा काढला.

"अन्वेषकाचा चहा कुणी मोजत नाही, वहिनी."

"पोरीने मोजला," मी म्हणाले.

 पुढच्या फेरीपासून फॉर्मवर एक जादा रकाना छापून आला.

पण सांगायचं ते असं, की चहा गेला तसा चहाचा वेळही गेला. दूध वर येणं, फुंकर, पुन्हा वर येणं, ह्यातच तर सगळं बोलणं व्हायचं. आता मी खाटेवर बसायचे आणि भतेरी कामाला लागायची. रिकाम्या हाताने पाहुण्यासमोर बसून राहायचं कसं, हे तिला येत नव्हतं. मी वाट्या मांडायचे, ती शेण गोळा करता करता उत्तरं द्यायची. एका पेल्याने मूल धष्टपुष्ट होत नाही. किरणचं वजन थोडं वाढलं, जुलैत जुलाबांनी उतरलं, पुन्हा थोडं वाढलं. मात्र पिशवी पाहून ती रडायची थांबली. नुसती बघायची.

श्रावणात तीज आली. माहेरून मुलीला घेवर, म्हणजे पाकातली जाळीदार मिठाई, आणि बांगड्या यायच्या असतात, त्याला सिंधारा म्हणतात. भतेरी मागेच गमतीने म्हणाली होती, "बुआ बनी हो तो सिंधारा लाना पड़ेगा." मी सदर बाजारातून घेवर घेतला, हिरव्या बांगड्या घेतल्या. अभ्यासातल्या घरांना काही खायला द्यायचं नाही, असा नियम होता. फॉर्मवर मी लिहिलं, "घेवर, एक तुकडा, अन्वेषकाने दिला." पद्माकरांनी त्यावर लाल पेन्सिलीने फक्त एक खूण केली.

नोव्हेंबरच्या फेरीला मी पोचले तेव्हा भतेरी दारातच उभी होती.

"बुआ, भैंस ब्याई है! कल! पहला दूध मैंने रोक के रखा है, तुम्हारे लिए."

कधीतरी चहाच्या दिवसांत मी तिला खरवसाचं सांगितलं होतं. आमच्याकडे व्यालेल्या म्हशीच्या चिकाची वडी करतात, गूळ घालून, वाफेवर. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून मी ती खाल्ली नव्हती. शहरात चीक कुठून मिळणार? ते तिने लक्षात ठेवलं होतं.

सासू कुरकुरत होती. दहा दिवस नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध घराबाहेर जाऊ देत नाहीत.

"बाहर कहाँ जा रहा है, अम्मा? बुआ यहीं पकाएगी."

मी पदर खोचला. चीक पिवळा, मधासारखा दाट. त्यात साधं दूध घातलं, गूळ किसून विरघळवला. माझ्या पर्समध्ये दोन वेलदोडे होते, ते सालीसकट चुरडले. डब्यात ओतून, पातेल्यात पाणी ठेवून, वर परात झाकली. गोवऱ्यांची आच हळू असते. अर्धा तास आम्ही दोघी चुलीसमोर बसून राहिलो. कितीतरी महिन्यांनी भतेरी समोर उकिडवी बसली होती. नणंदेला मुलगा झाला होता. किडलेला दात पाडला होता. नवरा म्हणत होता, कंपन्यांची माणसं जमिनी बघून जातायत.

झाकण काढलं तेव्हा वास आला आणि मला माझी आई दिसली, दुसरं काही नाही. सुरी घातली, स्वच्छ बाहेर आली. वड्या कापल्या. किरण भिंतीला धरून उभी होती. मी एक वडी बोटांत धरून पुढे केली. तिने वडीकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग आली आणि माझ्या हातातून तोंडानेच घेतली. तीन खाल्ल्या. चौथी मुठीत धरून म्हशीला दाखवायला गेली.

सासू जोहडावर गेली होती. भतेरी हळूच म्हणाली, "बुआ, एक टुकड़ा. कौन देख रहा है?"

वडी थरथरत होती, कडेला पाणी सुटलं होतं. छान जमली होती हे दिसत होतं, पण चवीचं मी सांगू शकत नव्हते. एक तुकडा खाल्ला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण मग पुढच्या वेळी अर्धा पेला चहा, त्याच्या पुढच्या वेळी पूर्ण. मला स्वतःचा भरवसा नव्हता. त्या पेल्याची भूक मला किरणपेक्षा कमी नव्हती.

"तेरी सास की भैंस देख रही है," मी म्हणाले.

ती हसली. मी पंपावर बोटं धुतली. चुकून जिभेला लागू नयेत म्हणून दोनदा धुतली. तरी बसमध्ये नखांना गुळाचा वास येत होता.

पंच्याण्णवला अभ्यास संपला. पुढची दोन वर्षं मी तीजेला जात राहिले. तिसऱ्या वर्षी गेले तर कडुनिंबाभोवती पत्रे ठोकलेले. जमीन विकून लोक कुठे कुठे पांगले होते. कुणी म्हणालं रेवाडीकडे, कुणी म्हणालं अलवरकडे. म्हशी आधीच विकल्या होत्या. भतेरीला लिहिता येत नव्हतं आणि मी तिचा पत्ता कधी विचारला नाही. घराचा नंबर फॉर्मवर होता, तेवढ्यात माझं काम भागायचं. माझ्याकडे किरणचं दर तीन महिन्यांचं वजन आहे, पत्ता नाही.

दोन हजार बारा साली गुडगावच्या मराठी मंडळातल्या निहार आणि रसिकाची वास्तुशांत होती. दोघं पुण्याचे, मोठ्या कंपन्यांत. अकरावा मजला. मी बाल्कनीत गेले. खाली एक गोल तळं होतं, सिमेंटने बांधलेलं, मधे कारंजं, भोवती बाकं. काठावर एक वाकडा कडुनिंब, दुफाट्याचा. त्याच्याभोवती पार बांधून पांढरा रंग दिला होता.

रसिका काचेच्या वाटीत खरवस घेऊन आली. "मावशी, घ्या ना. पाकिटाचा आहे, पण यार, बिल्कुल ओरिजिनल लागतो."

"नको गं."

"शुगर आहे का?"

"नाही. लेकीचं गाव आहे हे."

तिला काही कळलं नाही. पण मुलगी चांगली. वाटी खाली ठेवून शेजारी बसली. "तुम्हाला मुलगी आहे? मला वाटलं एकच मुलगा. कुठे असते?"

मी खाली कडुनिंबाकडे बघत होते. रेवाडी म्हणू की अलवर, मला ठरवता येईना.

तिचा अडीच वर्षांचा शार्दूल पायांत घोटाळत होता. वाटीतला चमचा भरून मी त्याच्यापुढे केला. त्याने मान फिरवली. "त्याला दुधाचं काहीच आवडत नाही, मावशी. मागे धावावं लागतं," रसिका म्हणाली.

निघताना तिने पाण्याची बाटली दिली, ती पर्समध्ये ठेवली. ऊन होतं, घसा सुकला होता. गावाची शीव कुठे संपायची, बाभळ कुठे होती, त्या रस्त्यावर आता काही ओळखू येत नाही. म्हणून रिक्षा मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊ दिली. जिन्याच्या पायरीवर बसले आणि घरून आणलेली माझी बाटली उघडली.